मैत्रिणींची वही

दहावीचा शेवटचा पेपर झाला की मुली एकमेकींच्या वहीत नाव, पत्ता, मोबाईल नंबर लिहून देतात. सात-आठ वर्षांनी त्यातले किती नंबर लागतात? हा प्रश्न आम्ही या महिन्यात घरातल्या सगळ्यांनाच विचारतो आहोत, पुरुषांना जरा जास्तच.

अब्बांचा बालमित्र दारात आला की चहाचे आधण चढते. मुले त्याला चाचा म्हणतात, ईदला शीरखुर्म्याचा डबा त्याच्या घरी जातो. हे चांगलेच आहे. पण अम्मीच्या शाळेतल्या मैत्रिणीला खाला म्हणणारी मुले किती घरांत आहेत? निकाह झाला, गाव बदलले, सिमकार्ड बदलले आणि मैत्री मागे राहिली. कुणी मनाई केली नाही, पण कुणी विचारलेही नाही.

शाळेतल्या मैत्रीची ताकद समजायची असेल तर आपल्या पुण्यातलेच उदाहरण घेऊ. लोकांच्या बोलण्यावरून जोतिराव फुले यांची शाळा सुटली होती. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी त्यांच्या वडिलांची समजूत घातली आणि 1841 मध्ये जोतिराव मिशनच्या शाळेत गेले. सदाशिव बल्लाळ गोवंडे आणि मोरो विठ्ठल वाळवेकर हे त्यांचे विद्यार्थिदशेतले ब्राह्मण मित्र. पुढे गोवंडे नोकरीनिमित्त अहमदनगरला होते. तिथली मिस फॅरार यांची मुलींची शाळा जोतिरावांनी पाहिली आणि 1848 मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. घरच्यांचा आणि समाजाचा विरोध झाला, तेव्हाही हे मित्र सोबत राहिले. वर्गातली ओळख आयुष्यभराच्या कामाला अशी उपयोगी पडते.

मग ही सोबत आपल्या मुलींच्याच वाट्याला का नसावी? काही जण म्हणतात, मैत्रिणी कान भरतात, मुलगी सासरी रमत नाही. संगत पारखून घ्यावी हे आम्हालाही मान्य आहे. पण सहा-सात वर्षांची असल्यापासून जी आपल्या अंगणात खेळली, जिचे आईवडील आपल्याला ठाऊक आहेत, तिच्याइतकी पारखलेली संगत दुसरी कोणती? तिने आपल्या मुलीला हुशार म्हणून, भांडखोर म्हणून, गाणारी म्हणून पाहिलेले असते. सासरी ती अमक्याची सून आणि तमक्याची बायको असते. आपले जुने नाव ज्या तोंडी ऐकू येते, ते माणूस जवळ असावे असे कुणाला वाटणार नाही?

शिवाय दिवस नेहमी सारखे नसतात. आजारपण येते, नवऱ्याची नोकरी जाते, घरात बेबनाव होतो, वैधव्यही येते. माहेरी सांगावे तर अम्मीचा बीपी वाढेल, सासरी सांगावे तर शब्दाला शब्द लागेल. अशा वेळी मैत्रिणीचा नंबर जवळ नसणे म्हणजे काय, हे ज्या भगिनींनी सोसले आहे त्यांनाच कळेल.

पत्नीच्या मैत्रिणींशी कसे वागावे, याचा आदर्श तर आपल्या समोरच आहे. हजरत आयेशा (रजि.) यांच्या कथनानुसार, हजरत खदीजा (रजि.) यांच्या निधनानंतरही प्रेषित मुहम्मद (स.) बकरी जिबह केली की त्यातले मांस खदीजा (रजि.) यांच्या मैत्रिणींकडे आवर्जून पाठवत. पत्नी हयात नसतानाही तिच्या मैत्रीचा एवढा मान! आपल्या घरातली तर समोर बसली आहे.

म्हणून एवढेच करू या. लग्नात मुलीसोबत कपाट, भांडी, कपडे पाठवतो, त्यात मैत्रिणींच्या नंबरांची वहीही ठेवू. सासूबाईंनी या ईदला सुनेला विचारावे, “तुझ्या मैत्रिणीला बोलावतेस का गं?” नवऱ्याने एखाद्या रविवारी मुलांना सांभाळावे आणि तिला मैत्रिणीकडे जाऊ द्यावे. आणि भगिनींनो, तुम्ही कुणाची वाट पाहू नका. जुना नंबर लागत नसेल तर तिच्या भावाला विचारा, शाळेच्या बाईंना विचारा. सलाम करायला कारण लागत नाही.