विंचवाचा उतारा

स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या की मुख्याध्यापकाच्या मेजावर तक्रारी येऊ लागतात. यंदाची तक्रार नववीतल्या एका मुलाने निवडलेल्या गाण्याविषयी होती. ‘फँड्री’ चित्रपटाचे ते गाणे प्रेमाचे आहे, सबब शाळेत नको, असे एका शिक्षकांचे म्हणणे पडले. मुलगा पेडण्याकडच्या एका आडवाड्यावरचा, आवाज मोकळा. तो खाली मान घालून उभा होता. “उद्या सांगतो,” एवढेच बोलून मी घरी आलो.

अजय-अतुल यांचे हे गाणे प्रत्यक्ष चित्रपटात नाही. प्रसिद्धीसाठी ते वेगळे काढले होते. त्यात प्रीतीला विंचवाच्या दंशाची उपमा आहे. आपल्याला ती परकी नाही. एकनाथांच्या भारुडातही विंचू चावतो. तो काम-क्रोधाचा, आणि त्यावर उतारा सत्त्वगुणाचा. ठेका नवा असला तरी नांगी जुनीच आहे.

नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला. ‘फँड्री’ म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. कैकाडी घरातला जब्या वर्गातल्या वरच्या जातीच्या शालूवर जीव लावतो. तिच्याशी बोलण्याचे धैर्य त्याला होत नाही. काळ्या चिमणीच्या राखेने ती वश होईल, या आशेवर तो रानोमाळ हिंडतो. अखेरीस शाळेजवळच घरच्यांबरोबर त्याला डुक्कर धरावे लागते. पाहणाऱ्यांत शालू असते, आणि तीही हसते. मारलेले डुक्कर वाहून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर आणि सावित्रीबाईंची चित्रे दिसतात. ती भिंत पाहून कोणताही शिक्षक अस्वस्थ व्हावा.

मी अस्वस्थ झालो त्याला आणखी एक कारण आहे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी डिचोली तालुक्यात शिकवीत होतो. एका मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर वर्गातल्या मुलीविषयी चार ओळी सापडल्या. मुलीचे घराणे देवळाच्या मानकऱ्यांचे. मुलाच्या घरच्यांची जागा त्याच देवळाच्या पायरीखाली. हे सारा वर्ग जाणून होता. शिस्तीच्या नादात तो उतारा मी मोठ्याने वाचला. वर्ग खदखदून हसला. तीही हसली. मुलगा दुसऱ्या दिवशी आला नाही, आणि पुढे कधीच आला नाही. मी चौकशीला त्याच्या घरीही गेलो नाही. जब्यावर हसणाऱ्या त्या घोळक्यात मला माझा चेहरा दिसला.

वाचकहो, त्या मुलाने अपराध कोणता केला होता? त्याने प्रेम मागितले नव्हते, कोणाला त्रासही दिला नव्हता. आपल्यासाठी नसलेले काही सुंदर आहे, एवढेच त्याने लिहिले होते. ते त्याच्यासाठी का नव्हते, हा प्रश्न मात्र त्याने नव्हे, आम्ही सोडवायचा होता.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला बोलावून सांगितले, “गाणे म्हण. शब्द स्पष्ट उच्चार.” तो हसला आणि धावत गेला. तक्रार करणाऱ्या शिक्षकांना मी ही जुनी हकिगत सांगितली. ते काही बोलले नाहीत. तालमीला मात्र स्वतः हार्मोनियम घेऊन बसले.

मुलाच्या वहीचे शेवटचे पान कधी तुमच्या हाती पडले, तर ती वही हलकेच मिटून ठेवावी. त्या दंशावर याहून बरा उतारा मला अद्याप सापडलेला नाही.