पंप एक की दोन?

सायखेड्याच्या बाजारात कांदा विकून परतताना अवजारांच्या दुकानापुढे आपली पावले थांबतातच. दुकानदार सांगतो, "एकच पंप घ्या, तणनाशक मारा, द्राक्षाला मारा, कांद्याला मारा. सगळं एकात!" ऐकायला गोड वाटते, पैसेही वाचतात. पण जरा थांबून हिशेब करू या.

सगळे एकात असणे नेहमीच वाईट असे माझे म्हणणे नाही. लहान ट्रॅक्टर घ्या. ब्लोअर, रोटाव्हेटर, ट्रॉली सगळे त्यालाच जोडतो. दोन-चार एकरवाल्याने प्रत्येक कामाला वेगळे यंत्र घ्यायचे म्हटले तर कर्ज फिटायचे नाही. तोटा इतकाच, की ट्रॅक्टर एका वेळी एकच काम करतो. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला आणि डाऊनीची फवारणी तातडीची असली, तर ट्रॉली सोडून आधी ब्लोअर जोडा. तेवढे नियोजन आपल्या हातात आहे.

बॅटरीवर आणि हातानेही चालणारा पाठीवरचा पंपही चांगला. वजन थोडे जास्त, पण ऐन फवारणीत बॅटरी उतरली तर काम अडत नाही. इथे काम एकच आहे, करण्याच्या तऱ्हा दोन आहेत.

तणनाशकाची गोष्ट मात्र वेगळी. गव्हातल्या, उसातल्या रुंद पानांच्या तणांसाठी आपण २,४-डी वापरतो. द्राक्षवेल या औषधाला फार नाजूक. अंशभर लागले तरी पाने पंख्यासारखी आकसतात, शेंडे वाकडे होतात, घडांचेही नुकसान होते. आणि वेळ कशी जुळते पाहा. नोव्हेंबरात पेरलेल्या गव्हाला साधारण महिन्याने, म्हणजे डिसेंबरात, तणनाशक मारायचे, त्याच वेळी बागेत घड लटकलेले! पंप धुतला म्हणून निर्धास्त राहू नका. सोड्याने, साबणाने दोन-तीनदा धुतला तरी नळी, वॉशर, गाळणी यांत औषध राहू शकते. वर्षभराचे पीक धोक्यात घालून एका पंपाची किंमत वाचवायची, हा कुठला व्यवहार?

नोझलही वेगळे लागते. तणनाशकाला पट्ट्यासारखा फवारा हवा, कीड-रोगाच्या औषधाला बारीक गोल तुषार. एकाच नोझलने दोन्ही करायला गेलो तर एक ना धड, भाराभर चिंध्या.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. चुकले तर फक्त वेळ जातो, तिथे एकात अनेक चालेल. चुकले तर पीक जाते, तिथे साधन स्वतंत्रच हवे. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, साधा हातपंपही पुरे. त्यावर लाल रंगाचा पट्टा मारा, मोजमापही त्याचेच वेगळे ठेवा आणि घरच्या सगळ्यांना, मजुरांनाही सांगून ठेवा. शेजाऱ्याचा पंप मागून आणलात, तर आधी त्यात काय मारले होते ते विचारा. आणि पंप वेगळा असला तरी वाऱ्याच्या वेळी बागेशेजारी २,४-डी मारू नका. आपली बाग वाचेल, शेजाऱ्याचीही.