विश्लेषण : मागे ठेवलेले अ‍ॅप फोन ‘गोठवतो’ कसे? लिनक्सच्या ‘सी-ग्रुप’मध्ये काय बदलले?

लिनक्स सर्व्हरवर मोठ्या प्रमाणात वापरल्या जाणाऱ्या ‘सिस्टमडी’ या व्यवस्थापक प्रणालीने २०२५ मधील २५८ व्या आवृत्तीत ‘कंट्रोल ग्रुप’ अर्थात सी-ग्रुपची जुनी पद्धत वगळली. बातमी डेटा सेंटरवाल्यांची वाटेल. पण हीच यंत्रणा अँड्रॉइड फोनमध्येही आहे.

सी-ग्रुप म्हणजे काय?

पूर्वी लिनक्समध्ये मेमरीची मर्यादा प्रत्येक प्रोसेसला स्वतंत्र लागे. एखाद्या प्रोग्रामने शंभर प्रोसेस काढल्या, तर त्यांच्या बेरजेला लगाम नव्हता. गूगलमधील पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये त्यावर काम सुरू केले आणि जानेवारी २००८ मध्ये लिनक्स २.६.२४ मध्ये सी-ग्रुप आले. सोसायटीत पाण्याचा मीटर घराला असतो, नळागणिक नाही, तसेच हे. प्रोसेसचा गट करायचा आणि प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांची मर्यादा त्या गटाला लावायची. डॉकरसारखे कंटेनर यावरच उभे आहेत.

जुनी पद्धत का नको?

तिच्यात मेमरीचे गट वेगळे, डिस्कचे वेगळे. फाइलमध्ये लिहिलेला मजकूर आधी मेमरीत साठतो आणि नंतर डिस्कवर जातो. हिशेबाच्या वह्याच दोन असल्याने हे लिखाण नेमके कोणाच्या खात्यात धरायचे, हे ठरत नसे. मार्च २०१६ मध्ये लिनक्स ४.५ सोबत आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने सर्वांसाठी एकच रचना आणली. २०२२ मध्ये तर जुन्या पद्धतीतील एका त्रुटीमुळे काही परिस्थितीत कंटेनरमधून बाहेर पडून मूळ यंत्रावर आदेश चालवता येतात, असे आढळले. बदल योग्यच, पण फुकट नाही. जावा ८ च्या जुन्या आवृत्त्यांना नवी रचना कळत नाही. संपूर्ण यंत्राची मेमरी आपलीच समजून त्या हातपाय पसरतात आणि गटाची मर्यादा ओलांडताच कर्नेल प्रोग्राम बंद पाडतो. बँका, कार्यालयांतील जुन्या प्रणाली सांभाळणाऱ्यांनी आधी हेच तपासायला हवे.

फोनमध्ये काय घडते?

समोरचे अ‍ॅप एका गटात, मागची दुसऱ्या. मागच्यांना प्रोसेसरचा वाटा कमी. अँड्रॉइड ११ पासून तर बाजूला ठेवलेली अ‍ॅप गोठवण्याची सोय आली : अ‍ॅप मेमरीत राहते, पण प्रोसेसर मिळत नाही. त्यामुळे दर तासाला सगळी अ‍ॅप ‘स्वाइप’ करून काढण्याची सवय बहुधा उलटीच पडते. गोठलेले अ‍ॅप प्रोसेसर वापरत नाही, ते नव्याने उघडायला मात्र जास्त काम पडते. मेमरी खरोखर कमी पडली, की कोणते अ‍ॅप बंद करायचे ते फोनच ठरवतो.