अर्धवट गोधडी
सोलापुरी चादर जुनी झाली तरी टाकवत नाही. भौगोलिक मानांकन मिळालेलं हे जाड सुती कापड विरलं तरी ऊब सोडत नाही. म्हणून आमच्याकडे ती गोधडीच्या पोटात जाते आणि वरून आईचं मऊ झालेलं लुगडं. पहिली गोधडी मी घाईने शिवली. कच्चे टाके न घालताच धावदोरा सुरू केला, तोही दर ओळीला ओढून. निम्म्यावर येईतो आत चादरीचा गोळा आणि वर चुण्याच चुण्या. दुसरीला कोऱ्या मांजरपाटाची किनार लावली, न धुता. पहिल्याच धुण्यात किनार आटली आणि गोधडी परडीसारखी मधे खोलगट झाली. मग शेजारच्या मावशींनी गच्चीवर सतरंजी अंथरून थर ताणून घ्यायला आणि कडेकडेने आत शिवत यायला शिकवलं. आता नवं कापड रात्रभर भिजवते, दोरा हातभरच घेते. ती पहिली गोधडी मात्र उसवली नाही. नवीन शिवायला बसले की आधी तिच्या चुण्यांवरून हात फिरवते. तुमच्याही माळ्यावर एखादी अर्धवट गोधडी असेल, तर या उन्हाळ्यात ती खाली काढा.