पातेले लहान करा

डोंबिवली एमआयडीसीत २३ मे २०२४ रोजी एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन किमान दहा जणांचा जीव गेला. तिथे सेंद्रिय पेरॉक्साइडे बनत असत. उष्णता जरा हाताबाहेर गेली की भडकणारी ही रसायने. अशा दुर्घटनेनंतर दरवेळी कारखाने वस्तीपासून दूर हलवण्याची चर्चा होते. हलवावेतच, पण कारखान्याबरोबर कामगारही हलतो, हे मात्र कुणी बोलत नाही.

खरा प्रश्न एका वेळी किती रसायन एकत्र असते, हा आहे. औषधे, रंग, कीटकनाशके आजही बहुतेक ठिकाणी भज्यांच्या घाण्यासारखी, एकेक घाणा घालून बनतात. हजारो लिटर मिश्रणात उष्णता आतल्या आत कोंडते. कपातला चहा लवकर निवत नाही, बशीत ओतला की निवतो. मायक्रोरिअ‍ॅक्टर म्हणजे ही बशी. मिलीमीटरभर किंवा त्याहून अरुंद नळ्यांतून रसायने सतत वाहतात, एकमेकांत मिसळतात आणि पुढे सरकतात. तापमान सगळीकडे सारखे राहिल्याने नको ती उपउत्पादने कमी होतात, म्हणून सांडपाणीही कमी.

भोपाळमध्ये १९८४ साली गळालेला मिथाइल आयसोसायनेट विकायचा माल नव्हताच. ती कीटकनाशकाच्या वाटेवरची मधली पायरी होती, टाकीत सुमारे ४० टन साठवलेली. अशी विषे नळीतच लागतील तेवढी तयार करून तिथेच संपवता येतात.

रुग्णांनाही यात लाभ आहे. मलेरियावरचे आर्टेमिसिनिन बनवताना प्रकाश लागतो, आणि मोठ्या भांड्यात तो खोलवर पोहोचत नाही. जर्मनीत पीटर सीबर्गर यांच्या गटाने २०१२ मध्ये दिव्याभोवती गुंडाळलेल्या पातळ नळीतून हे काम साधले.

सगळेच असे बनेल असे नाही. घन कण तयार होणाऱ्या प्रक्रियेत नळ्या तुंबतात. शिवाय लहान कारखानदाराला नवी यंत्रणा परवडायला हवी. पण विद्या परदेशातून आणायची गरज नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. अमोल कुलकर्णी यांनी यात मोठे काम केले असून २०२० चा भटनागर पुरस्कारही त्यांना मिळाला आहे.

तेव्हा स्थलांतरासाठी भूखंड देताना एक रकाना वाढवावा: ही प्रक्रिया नळीतून करता येते का? येत असेल, तर यंत्रणेसाठी स्वस्त कर्ज द्यावे. आणि तरीही जुनेच पातेले नव्या जागी बसवायचे असेल, तर त्याचे कारण औद्योगिक सुरक्षा संचालनालयाने लेखी मागावे.