तारा कुणाच्या हातून?

गोवा एक्स्प्रेसने भुसावळला उतरायचं आणि तिथून खांडव्याच्या बाजूला जाणारी गाडी पकडायची, की आलं बऱ्हाणपूर. माझी धाकटी बहीण लग्न होऊन तिथे गेली. नकाशात मध्य प्रदेश, पण बाजारात मराठी ऐकू येतंच. दिवाळीनंतर गेलो तेव्हा मावा जलेबीच्या पुड्याइतकाच घरात चर्चेचा एक विषय तयार होता. भाचीचे दात!

पोरगी तेरा वर्षांची. वरचे दात पुढे आलेत. हसताना हात तोंडावर जातो. आजी म्हणते, आत्ताच बघा, पुढे स्थळं बघताना अडचण नको. (हे ऐकून मी भडकलो, पण ते असो.) तारा लावायच्या यावर एकमत. मतभेद एवढाच की कुणाकडे. घराजवळचे दातांचे डॉक्टर म्हणाले होते, "मी लावून देतो." दुसरी वाट म्हणजे जळगावचा ऑर्थोडॉन्टिस्ट. खर्च जास्त, आणि दर महिन्याला जाऊन-येऊन एक अख्खा दिवस, तोही दीड-दोन वर्षं.

भावोजींनी मधेच मोबाईलवर पारदर्शक अलायनरची जाहिरातही दाखवली. घरबसल्या काम! मी त्यांना सांगितलं, घरपोच अलायनर पाठवणारी अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब डिसेंबर २०२३मध्ये बंद पडली, आणि कित्येकांचे उपचार अर्ध्यावर राहिले. तो पर्याय तिथेच मिटला.

आता माझं मत. मी डॉक्टर नाही, पण भुक्तभोगी आहे. लहानपणी गोव्यात मलाही एका दातवाल्या डॉक्टरांनी काढता-घालता येणारी प्लेट दिली होती. वर्षभरात दात सरळ झाले, सगळे खूष. पुढे दात जागेवर राहावेत म्हणून रिटेनर घालावा लागतो, हे मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी तो कंपासपेटीत ठेवला असता म्हणा! कॉलेज संपेपर्यंत दात परत आपल्या जागी. नंतर कळलं की तशा प्लेटने दात बहुतेक नुसता कलतो, मूळ फारसं हलत नाही.

तार म्हणजे दात ओढायची दोरी, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात दातावर हलका दाब ठेवला की एका बाजूचं हाड विरघळतं आणि मागच्या बाजूला नवं भरतं. दात हाडातून चालतो. दाब जास्त झाला तर मूळ झिजून आखूड होऊ शकतं, आणि ते परत वाढत नाही. शिवाय वरचे दात पुढे दिसतात तेव्हा दातच पुढे असतात, की खालचा जबडा मागे असतो? आरशात दोन्ही सारखंच दिसतं, उपचार मात्र वेगळे. जबडा मागे असेल तर वाढीचं वय हातात असतानाच काही करता येतं, आणि मुलींची वाढ लवकर थांबते. म्हणून डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे, दातांचे साचे, फोटो, आणि मग आराखडा. दाढेपुढचे दात काढायचे की नाही, तेही त्यावरूनच ठरतं.

बी.डी.एस.च्या पाच वर्षांत हा विषय शिकवतात, नाही असं नाही. पण एम.डी.एस. करणारा पुढची तीन वर्षं फक्त हेच करतो. अमेरिकेत एडवर्ड अँगलने या एका विषयाची वेगळी शाळा काढली ती १९०० साली. आपल्या बांबोळीच्या दंत महाविद्यालयातही याचा विभाग वेगळा आहे. उगाच नव्हे.

दुसऱ्या दिवशी भाचीला घेऊन कुंडी भंडारा बघायला गेलो. खानखानान अब्दुर्रहीमच्या काळात, १६१५च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालून उताराने शहरात आणलं ते हे काम. कुंड्यांची रांगच्या रांग. विहीर खणणारे बऱ्हाणपुरात कमी होते का? तरी या कामाला इराणी जाणकार लागला. खड्डा कुणीही खणेल, उतार किती ठेवायचा हे कळायला हवं. भावोजी म्हणाले, "तुम्ही फिरून दातांवरच येणार!"

खरी अडचण पैशांची नव्हतीच. संध्याकाळी बहीण हळूच म्हणाली, "दादा, ते डॉक्टर आपले आहेत. सासूबाईंची दाढ दुखली तेव्हा रात्री अकराला दवाखाना उघडला त्यांनी. आता दुसरीकडे गेलो तर त्यांना काय वाटेल?"

इथेच आपण सगळे अडकतो, गोव्यातही. म्हापशात काय, फोंड्यात काय, फॅमिली डॉक्टरला न दुखावणं हा उपचाराचाच भाग होऊन बसतो. रात्री अकराला दवाखाना उघडणाऱ्याचं मोल मी कमी करत नाही. कीड, रूट कॅनाल, सफाई त्यांच्याकडेच व्हावी, आणि तारा असताना तर सफाई जास्तच लागते. पण उपकाराची फेड पोरीच्या जबड्यातून का करायची?

मी तिला म्हटलं, लपवून जळगावला जाऊ नकोस, त्यांनाच विचार. आराखडा कोण करणार? तुमच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा ऑर्थोडॉन्टिस्ट येणार असेल, तर तार प्रत्यक्ष तोच बांधणार का? मधेच तार टोचली तर कुणाला फोन करायचा? तारा निघाल्यावर रिटेनरचं कोण बघणार? नीट उत्तरं मिळाली तर गावातच करा, मीही हट्ट धरणार नाही.

परवा तिचा फोन आला. डॉक्टर जरा वेळ गप्प बसले म्हणे. मग म्हणाले, "एकदा ऑर्थोला दाखवून आराखडा आणा, सफाई मी बघतो." रागावले की नाही ते तिला कळलं नाही. जळगावची वेळ पुढच्या शनिवारची घेतली आहे. भावोजींनी हो म्हटलंय, पण सध्या फक्त एक्स-रेपुरतं.