एक घर, दोन जिल्हे

पीआरसाठी आयईएल्टीएसचा क्लास सगळेच लावतात. पण बॉस, जन्मदाखला शेवटचा कधी वाचलात?

माझ्या ओळखीच्या अहेरीच्या एका दादांची ताई कॅनडात स्थायिक आहे. सख्खं भावंड तिथे असलं की एक्स्प्रेस एन्ट्रीत १५ गुण जादा. नातं सिद्ध होतं जन्मदाखल्यांवरून. ताईचा दाखला १९८१चा, जिल्हा चंद्रपूर. दादांचा १९८५चा, जिल्हा गडचिरोली. घर तेच! गडचिरोली जिल्हाच झाला २६ ऑगस्ट १९८२ला. हे समजावता येतं. खरं टेन्शन वेगळंच: एकावर आईचं माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं! आणि दुरुस्ती होते जिथे नोंद झाली तिथल्याच निबंधकाकडे. म्हणजे पुणे टू अहेरी!

तेव्हा मंडळी, बॅग नंतर भरा. आधी आईचं नाव तपासा.